दायामीच्या चौदा नोंदी

एलिहियो वाल्दिव्हिया सिगारच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं कामाला होता आणि त्याने जन्मात एकही सिगार वळली नाही. त्याचं काम वाचायचं. क्युबातल्या गुआयोस गावच्या त्या कारखान्यात लांबलचक बाकांवर साठ-सत्तर माणसं पानं वळत बसत, आणि समोरच्या चौथऱ्यावर खुर्ची टाकून एलिहियो त्यांना वाचून दाखवी. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. काय वाचायचं ते बाकांवरची माणसं हात वर करून ठरवत. वाचन मनाला भिडलं की पान कापायच्या पात्या फळीवर टकटक वाजवत. नाही भिडलं तर एखादी पाती मुद्दाम फरशीवर पडे, आणि तो एक आवाज एलिहियोला दोन दिवस पुरे.

त्याचा स्वतःचा एक नियम होता. उद्याचं पान आज बघायचं नाही. दुसरे वाचक घरी तयारी करून येत, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा ते आधी ठरवत. एलिहियोला ते नाटकीपणाचं वाटे. तो म्हणे, "तुम्हाला पुढचं माहीत नाही आणि मला माहीत आहे, तर मी तुमच्यातला कसा?" सगळ्यांसोबत त्यालाही धक्का बसायला हवा, म्हणजे तो आवाजात उतरतो. हे खरंही होतं. गुआयोसची माणसं या एका गोष्टीसाठी त्याला मानत, आणि आपल्याला मानतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माणसाला आपला गुण फार नीट ठाऊक असणं काही चांगलं नसतं, पण हे त्याला सांगणार कोण? बायको होती तोवर ती सांगत असे.

अलीकडे मात्र दिवस फिरले होते. तरुण पोरं-पोरी कानात वायरी घालून बसत. चौथऱ्यावरून एलिहियो त्या वायरी मोजी. आधी चार होत्या, मग अकरा, मग वीस. कादंबरीत कोणाचा तरी जीव जात असायचा आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी भलत्याच तालावर मान हलवत असायची. तो कोणाला काही बोलला नाही. पण ते त्याच्या मनाला लागलं होतं, आणि दुखावलेला माणूस काय करून बसेल याचा नेम नसतो.

दोन हजार सोळा सालच्या जूनमधली गोष्ट. वस्तीतल्या संगणक-क्लबात शिकवणाऱ्या मारेलिसने दोन छापील पानं आणून दिली. इंटरनेटवरच्या शब्दांची ओळख, अगदी नवख्यांसाठी. घरोघरची मुलं देशाबाहेर पडत होती आणि मागे राहिलेल्यांना त्यांच्या बोलण्यातलं अर्धं कळत नव्हतं. मारेलिस म्हणाली, "मास्तर, सकाळच्या बातम्यांनंतर वाचून टाका. दहा मिनिटांचं काम."

एलिहियोने घसा साफ केला. "ब्लॉग म्हणजे माणसाने इंटरनेटवर ठेवलेली वही. ती कोणीही, कुठूनही उघडून वाचू शकतो."

"म्हणजे आमच्या बायकोचं तोंड," ओरेस्तेस म्हणाला. हा पहिल्या बाकावरचा जुना कारागीर. हात सोन्याचे आणि जीभ विंचवाची.

"वहीतल्या एकेका मजकुराला नोंद म्हणतात. लिहिलेली नोंद प्रकाशित करावी लागते. तोवर तो नुसता मसुदा, लिहिणाऱ्याखेरीज कोणाला दिसत नाही. वही उघडताच समोर येतं ते मुखपृष्ठ. मुखपृष्ठावर सर्वांत नवी नोंद सर्वांत वर असते, जुन्या नोंदी खाली खाली जातात."

इथे दालनात कालवा झाला. शेवट आधी? कुठल्या गाढवाने काढली ही पद्धत? ओरेस्तेसने पाती खाली ठेवली. "मास्तर, तुम्ही असल्या वहीतून रहस्यकथा वाचायला घेतलीत, तर खुनी पहिल्याच दिवशी फासावर जायचा. मग महिनाभर आम्ही काय करायचं?"

"पुढे ऐक. मुखपृष्ठावर प्रत्येक नोंदीच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात. तिच्याखाली 'पुढे वाचा' असा दुवा असतो. दुवा दाबला की पूर्ण नोंद उघडते. वाचणाऱ्याला काही म्हणायचं असेल तर नोंदीच्या खाली लिहिता येतं, तिला प्रतिक्रिया म्हणतात. वही किती जणांनी उघडली आणि कुठल्या देशातून उघडली, हे वहीच्या मालकाला आकड्यांत दिसतं."

"चोरून वाचायचीही सोय ठेवली नाही म्हणजे," ओरेस्तेस म्हणाला, आणि सगळे परत पानांकडे वळले.

दुपारच्या सुट्टीत नेरेइदा चौथऱ्यापाशी आली. अठ्ठावन्न वर्षांची, अंगाने बारीक, चाळीस वर्षं एकाच बाकावर, आणि आता डोळ्यांना बारीक अक्षर न दिसणारी. तिची मुलगी दायामी गावात केस कापायची. एप्रिलमध्ये ती विमानाने गयानाला गेली आणि तिथून जमिनीवरच्या वाटेने उत्तरेला, मायामीच्या दिशेने निघाली. तेव्हा बरेच जण त्या वाटेने निघत होते. नेरेइदाने एप्रनच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला.

"मास्तर, तुम्ही सकाळी वाचलंत, तसल्या वहीचा पत्ता हा आहे का?"

एलिहियोने पाहिलं. दायामीचं नाव, मग टिंब, मग कसली तरी अक्षरं. "कधी दिला?"

"एप्रिलात. शेजारच्यांच्या फोनवर. म्हणाली, आई, रस्त्यात फोन चोरीला जातात, नंबर बदलतात, हा पत्ता बदलायचा नाही. मी इथे लिहीत जाईन. मला वाटलं, तिला कुठे घर मिळालंय." ती ओशाळून हसली. "दोन महिने कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. मला एवढंच बघून द्या, पोरगी आहे ना?"

तेव्हा इंटरनेट मिळायचं ते मोठ्या गावांच्या चौकांत. गुआयोसमध्ये, अगदी संगणक-क्लबातही, नव्हतंच, काबाइग्वानच्या चौकात जावं लागे. अठरा जूनच्या शनिवारी एलिहियो घोडागाडीने तिथे गेला. बहिणीने मायामीहून पाठवलेला जुना टॅबलेट, एका तासाच्या इंटरनेटचं कार्ड आणि बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं. कोणी रडत होतं, कोणी पडद्यातल्या नातवाला केक दाखवत होतं. बावीस मिनिटं नुसती जोडणी लागण्यात गेली. मग पान उघडलं. वर दायामीचा फोटो, केस बांधलेले. सर्वांत वरची नोंद: 'तुर्बोहून, सोळा जून'. खाली दोन ओळी. 'आई, मी बरी आहे. इथे कोलंबियात समुद्राकाठी एका गोदामात आपली शेकडो माणसं आहेत, भात मिळतो, झोपायला जागा मिळते.' त्याखाली 'पुढे वाचा'.

एकंदर चौदा नोंदी होत्या. कार्डाचा वेळ पळत होता. एलिहियोने एकेक दुवा दाबला, पान पूर्ण उघडलं की जतन केलं, पुढचं घेतलं. वाचत बसला असता तर निम्म्याही हाती लागल्या नसत्या. चौदावं पान जतन झालं तेव्हा कार्डात दोन मिनिटं उरली होती आणि तो स्वतःवर खूश होता.

संध्याकाळी त्याने नेरेइदाच्या दारातच सांगितलं, "पोरगी जिवंत आहे. परवाच लिहिलंय. तुर्बो म्हणून गाव आहे, जेवण मिळतंय, बरी आहे." नेरेइदा उंबऱ्यावरच बसली. तिने त्याचा हात धरून ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही. मग आत जाऊन कॉफी टाकली.

"वाचून दाखवू?" त्याने विचारलं.

नेरेइदाने नकार दिला, आणि ती असं का म्हणाली हे तिलाही पुढे कधी सांगता आलं नाही. "एकटीला नाही सोसायचं मला. दालनात वाचा. सगळ्यांमध्ये ऐकेन. हातात पान असलं की मला धीर असतो."

सोमवारी हात वर झाले. प्रश्न एवढाच होता, वरून वाचायचं की खालून. ओरेस्तेस म्हणाला, "पोरगी निघाली तिथून निघू. माणूस सुखरूप आहे ते कळलंय, आता घाई कसली? आपण आजवर शेवटापासून काही वाचलंय का?" सगळे हात वर. नेरेइदाचाही. एलिहियोला तर दुसरं काही सुचलंच नसतं.

आणि काय सांगावं, ते वाचन रंगलं. दायामी गावात बडबडी म्हणून प्रसिद्ध होती, पण ती असं लिहील हे कोणाला माहीत? जॉर्जटाउनमधली खोली, जिथे सहा बायका एका गादीवर आडव्या झोपत आणि कूस बदलायची तर आधी मतदान घेत. लेथेमची लाल धूळ. मानाउसहून वर जाणारी बोट, तिच्यात टांगलेले झोपाळे, आणि एका वाटी सूपवर लोकांचे केस कापणारी ती. एका पोलिसाचे केस तिने मुद्दाम तिरके कापले होते. दालन हसायचं, मग गप्प व्हायचं. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलीने कानातली वायर काढली. दुसऱ्या आठवड्यात एलिहियोने मोजल्या तर फक्त तीन उरल्या होत्या.

तो हावरा झाला. याला दुसरा शब्द नाही. दिवसाला एक नोंद वाचायची ठरली होती, पण त्याने दुसऱ्याच दिवसापासून नोंद मध्ये तोडली. अर्धी आज, अर्धी उद्या. बोट चिखलात रुतली की टॅबलेट बंद. लोक शिव्या घालत, पाती आपटत, आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी बाकावर येऊन बसत. एकोणतीस वर्षांत त्याला असं कोणी ऐकलं नव्हतं. तो रस्त्याने जाताना बायका दारात येऊन विचारत, "मास्तर, पुढे काय झालं?" तो म्हणे, "मलाही माहीत नाही." आणि ते खरं होतं, म्हणून त्याला आणखीच बरं वाटे.

सहा जुलैला, बुधवारी, नेरेइदा पुन्हा चौथऱ्यापाशी आली. "मास्तर, एकदा काबाइग्वानला जाऊन बघायचं का? नवं काही लिहिलं असेल."

"आधी हातातलं संपू दे. मध्येच नवीन आलं तर सगळा धागा तुटेल."

"तसंही खरं," ती म्हणाली आणि बाकाकडे गेली.

सव्वीस जुलैच्या राष्ट्रीय सणाच्या सुट्ट्या मध्ये आल्या. गुरुवारी अठ्ठावीस तारखेला शेवटची नोंद सुरू झाली. तुर्बोचं गोदाम, दोरीवर वाळणारे कपडे, डॉमिनो खेळणारे म्हातारे. नोंदीचा दुसरा भाग शुक्रवारसाठी राहिला. शुक्रवारी एलिहियोने वाचायला घेतलं.

"आई, आता मुद्द्याचं. दहा जुलैला, रविवारी, एक टोळी इथून जंगलातून पनामाकडे निघणार आहे. वाटाड्या म्हणतो, सहा दिवस. जे परत आलेत ते म्हणतात, त्याचं ऐकू नका. दुसरा रस्ता म्हणजे मागे फिरायचं. मागे लागलेल्या कितो शहरात एका बाईच्या सलूनात मला काम मिळतंय. मला ठरवता येत नाही. तू सांग. या नोंदीखाली प्रतिक्रियेची जागा आहे, तिथे एकच शब्द लिही. जा, किंवा थांब. थांब म्हणालीस तर मी खरंच थांबेन. नऊ तारखेच्या संध्याकाळपर्यंत मी रोज बघेन."

त्याचा आवाज चालू होता. आवाजाला सवय असते, तो डोक्याची वाट बघत नाही. डोळे पुढच्या ओळींवर गेले होते. तिथे लिहिलं होतं: 'इथे मला भेटींचा आकडा दिसतो. क्युबातून अजून एकही भेट नाही. ज्या दिवशी तो आकडा हलेल, त्या दिवशी मला कळेल की तू वाचलंस. वाचून गप्प राहिलीस तर तुझं म्हणणं "जा" आहे असं समजेन. तू तोंडाने "जा" कधीच म्हणाली नाहीस. शाळेच्या सहलीला नाही, लग्नाला नाही, विमानाला नाही. अडवायचं असलं की बोलायचीस, नाहीतर गप्प राहायचीस, आणि मी जायचे.'

एलिहियोने त्या ओळी वाचल्या नाहीत. एकोणतीस वर्षांत त्याने ओळ गाळली नव्हती, ती आज गाळली. तो एकदम शेवटाला गेला. "तुझी, दायामी." आणि टॅबलेट मांडीवर ठेवला.

"मास्तर," नेरेइदा बाकावरून म्हणाली, "तारीख कुठली म्हणालात?"

"दहा जुलै."

"आज?"

शेवटी ओरेस्तेसला बोलावं लागलं. "एकोणतीस."

नेरेइदाने हातातली सिगार पुरी केली. टोक कापलं, मोजपट्टीला लावून पाहिलं, बाजूला ठेवली. मग एप्रन काढून घडी केली, आणि दालनातून बाहेर पडली. कोणाची पाती वाजली नाही, कोणाची पडलीही नाही.

दुसऱ्या दिवशी ती आणि एलिहियो काबाइग्वानच्या चौकात बसले. मुखपृष्ठावर सर्वांत वर तीच नोंद होती, सोळा जूनची. तिच्यावर काही नव्हतं. नेरेइदा म्हणाली, "थांब असं लिहा." तो म्हणाला, "आता..." ती म्हणाली, "लिहा तुम्ही." त्याने 'थांब' लिहिलं, तिचं नाव घातलं आणि पाठवलं. पडद्यावर अक्षरं आली: तुमची प्रतिक्रिया वहीच्या मालकाने मंजूर केल्यावर दिसेल.

"म्हणजे काय?"

"येणारेजाणारे काहीबाही लिहून जातात. म्हणून मालक आधी बघतो, हो म्हणतो, मगच ते पानावर लागतं."

"मालक कोण?"

"दायामी."

नेरेइदाने मान हलवली. "बघेल मग," ती म्हणाली.

त्या दिवसापासून एलिहियो बोटं मोजत असतो. वीस जूनला सुरुवात. दिवसाला एक नोंद, चौदा नोंदी, शनिवार-रविवार सोडून. सात जुलै. सातला संपलं असतं. आठ तारीख हातात होती, नऊ होती. त्याने नोंदी तोडल्या नसत्या तर 'थांब' वेळेत गेलं असतं. सहा तारखेला नेरेइदाचं ऐकून काबाइग्वानला गेला असता तरी वरची नोंद पूर्ण उघडून वाचता आली असती. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी ती गाळलेली ओळ राहतेच. अठरा जूनला त्याने वही उघडली, आकडा हलला. तिकडे गोदामात पोरीने तो एक आकडा पाहिला असेल. आईने वाचलं म्हणून तिला किती आनंद झाला असेल. मग बावीस दिवस तिने रोज प्रतिक्रियेची जागा उघडून पाहिली असेल. हा हिशेब कुठल्याही बाजूने केला तरी एलिहियो त्यातून सुटत नाही, आणि तो सुटायला बघतही नाही.

त्याने नोकरी सोडतो म्हणून सांगितलं. दालनाने मत घेतलं. राहा म्हणून सगळे हात वर झाले, नेरेइदाचाही. त्याला वाटलं होतं, कोणीतरी थुंकेल, कोणीतरी पाती फेकेल. तेवढं कोणी केलं असतं तर त्याला रात्रीची झोप तरी आली असती. ओरेस्तेस त्याला टाळायला लागला, कारण खालून वाचायचं हे आधी ओरेस्तेसच म्हणाला होता. दोन म्हातारे एकमेकांना बघून रस्ता बदलायचे.

आता एलिहियो कुठलंही पुस्तक हातात आलं की शेवटचं पान आधी वाचतो. ते दालनाला कळतं. आवाजात ते उतरतं. वायरी परत आल्या, आता तो त्या मोजत नाही.

टोळीतली दोन माणसं सप्टेंबरमध्ये पनामाला पोचली, असं गावात कोणाच्या तरी भाच्याकडून कळलं. त्या दोघांचं म्हणणं, केस कापणारी एक बाई दुसऱ्या दिवसापर्यंत होती. पुढे नदी होती. त्यांना एवढंच माहीत होतं.

पण शनिवार चुकला नाही. दर शनिवारी दोघं काबाइग्वानला जात, ती एक वाक्य सांगे, तो लिही. आधी ती 'थांब' म्हणत असे. मग 'आहेस तिथून फोन कर'. मग 'मी रागावलेले नाही'. हळूहळू ती रोजचं सांगायला लागली. पाणी तीन दिवसांनी आलं. शेजारणीला मुलगी झाली, तिचं नाव आपल्या आजीचं ठेवलं. तुझी कात्री मी तेल लावून ठेवली आहे. प्रत्येक वाक्य पाठवलं की पडद्यावर तेच यायचं, मालकाने मंजूर केल्यावर दिसेल. पुढच्या शनिवारी पान उघडलं की खाली शून्य प्रतिक्रिया.

"माझं एकही लागलं नाही?" ती विचारी.

"अजून नाही."

एकदा परतताना घोडागाडीत ती म्हणाली, "मास्तर, ती चिडली असेल का माझ्यावर? मी लवकर लिहिलं नाही म्हणून?"

एलिहियोने समोर रस्त्याकडे पाहिलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "तसं नसेल." हे म्हणतानाही त्याला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये नेरेइदाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नवा चष्मा मिळाला. त्या शनिवारी चौकातल्या बाकावर तिने हात पुढे केला. "आज मी वाचते. पोरीचं लिहिणं मी एकदाही माझ्या डोळ्यांनी वाचलेलं नाही."

"उन्हात पडदा दिसायचा नाही तुला."

"द्या इकडे."

त्याने टॅबलेट दिला. 'पुढे वाचा' कुठे दाबायचं ते तिला माहीत होतं, आठ महिने ती बघतच होती. ती बोट ओळीखाली ठेवून वाचू लागली, ओठ हलवत. दोरीवरचे कपडे. डॉमिनो. मुद्द्याचं. दहा जुलै. बोट हळूहळू खाली येत होतं आणि एलिहियोला त्या बोटापलीकडे काही दिसत नव्हतं. त्याच्या मनात आलं, उठून निघून जावं. तो उठला नाही.

बोट थांबलं. ती त्या ओळींवर परत गेली, पुन्हा पहिल्यापासून वाचल्या, मग तिसऱ्यांदा. शेजारी एक बाई फोनमध्ये मोठ्याने हसत होती. नेरेइदाने चष्मा काढला, बाहीला पुसला, पुन्हा घातला.

"हे त्या दिवशी इथे होतं?" तिने विचारलं.

"होतं."

"तुम्ही पाहिलं होतंत?"

"हो."

तिने टॅबलेट त्याच्या हातात दिला. कार्डात नऊ मिनिटं होती.

"लिहा," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"दायामी, अठरा जूनला तुझी वही उघडली, ती मी नव्हते. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी असते तर थांब म्हटलं असतं."

त्याने लिहिलं. बोटं चुकत होती, दोनदा खोडावं लागलं. "खाली तुझं नाव घालू?"

"माझं घाला. आणि ती उघडणारा कोण होता, तेही लिहा."

त्याने लिहिलं: 'एलिहियो वाल्दिव्हिया, कारखान्याचा वाचक.' मग पाठवलं. पडद्यावर नेहमीचीच अक्षरं आली.

"काय म्हणतंय?" नेरेइदाने विचारलं. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.

एलिहियोने तिला ते मोठ्याने वाचून दाखवलं, पूर्ण वाक्य, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.